फरशी क्रमांक नऊ

१

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९८८. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. पालघरच्या एका महाविद्यालयातील भूशास्त्राच्या संग्रहखोलीत फरश्या भरल्या तेरा. आदल्या सायंकाळी साडेपाच वाजता खोलीला कुलूप लागले, तेव्हा त्या चौदा होत्या.

नाहीशी झाली होती ती फरशी क्रमांक नऊ. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा इंच जाड आणि वजनाने तीस किलोच्या आसपास. दाराचे कुलूप शाबूत होते, खिडकीचे गज शाबूत होते. मांडणीवरच्या धुळीत तेवढा एक स्वच्छ चौकोन उरला होता, पाटावरून जेवणारा उठून गेल्यासारखा.

दहाच्या सुमारास वामनराव चुरी बोईसरहून एस.टी.ने येऊन पोहोचले. वय एकोणसाठ. तंत्रविद्यालयातून पदविका घेतल्यावर त्यांनी बोईसरच्या एका यंत्रभागांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे तपासणी विभाग सांभाळला. समोर आलेला नग मापात बसतो की बसत नाही, एवढेच पाहायचे आणि नंतर कोण रागावतो ते पाहायचे नाही, अशी त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर आसपासच्या संस्थांना कुठे काही हिशेबात बसेनासे झाले की त्यांची आठवण येई. वामनरावांना या आठवणींचा आता कंटाळा आला होता. गुडघे दुखत, माणसांची तोंडे पाहवत नसत. पण निरोपाखाली प्राचार्यांनी भूशास्त्राचे प्राध्यापक नरहरी सावे यांचे नाव घातले होते. माकुणसारच्या शाळेत नरहरी आणि ते सात वर्षे एकाच बाकावर बसले होते.

प्राचार्यांनी त्यांना थोडक्यात सांगितले. सोमवारी अकरा वाजता बाहेरून तीन शास्त्रज्ञांची समिती येणार होती. तिने या फरश्यांवरील प्राचीन जीवांचे ठसे ग्राह्य मानले, तर महाविद्यालयाला संशोधन केंद्र मिळणार होते. म्हणून पोलीस नकोत. चोर तर उघडच होता. खोलीच्या किल्ल्या तीन: एक नरहरींकडे, एक अधिव्याख्यात्या हंसा वर्तक यांच्याकडे आणि तिसरी प्रयोगशाळेचा शिपाई भिका मेहेर याच्याकडे. काल सर्वांत शेवटी बाहेर पडला तो भिका. विचारले तर मान खाली घालून उभा राहतो, हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

भिका अकरा वर्षे हंगामी शिपाई होता. त्याला कायम करण्याचा विषय सोमवारीच दुपारी चार वाजता व्यवस्थापन समितीपुढे यायचा होता. तोपर्यंत फरशी मिळाली नाही, तर कायम करणे दूरच, त्याला काढून टाकण्याचा ठराव येणार होता.

“म्हणजे मला चोर शोधायचा नाही,” वामनराव म्हणाले. “तुम्ही शोधलेल्या चोरावर शिक्का मारायचा आहे.”

प्राचार्यांनी चहा मागवला.

२

नरहरी सावे संग्रहखोलीत स्टुलावर बसले होते. वामनरावांना पाहून ते उठलेही नाहीत. त्यांनी फक्त त्या रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवले.

ते फरश्यांविषयी बोलू लागले, तसा त्यांचा आवाज सावरला. सातपाटीला मच्छीमारांची एक जुनी पडवी चार वर्षांपूर्वी पाडली. तिच्या जमिनीत शहाबादी फरश्या होत्या, शेसव्वाशे वर्षांपूर्वी कुणा दानशूर व्यापाऱ्याने आणून बसवलेल्या. हा दगड फार जुना. शंखशिंपले जन्माला येण्याच्याही आधीचा, साठ कोटी वर्षांपलीकडचा. त्या काळात समुद्रात जीव होते, पण त्यांना हाडे नव्हती, कवच नव्हते, बहुधा तोंडही नव्हते. चिखलावर पसरलेल्या गोधडीसारखे ते चपटे जीव. ऑस्ट्रेलियातल्या टेकड्यांत त्यांचे ठसे सापडले आहेत. ते प्राणी होते, वनस्पती होत्या की तिसरेच काही होते, यावर जगभर अजून भांडण चालू आहे. आणि तसेच ठसे या चौदा फरश्यांवर होते.

वामनरावांनी वाकून पाहिले. काळपट दगडावर वीतभर ते हातभर लांबीची लंबगोल आकृती. मधून एक उभी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या खाचा, पिंपळपानाच्या शिरांसारख्या. बोट फिरवले तर खोली जेमतेम कळे.

चौदा फरश्यांवर मिळून एकतीस ठसे होते. नरहरींनी त्यांच्या तीन प्रजाती पाडल्या होत्या. पहिलीला डावीकडे सात खाचा आणि उजवीकडे सहा. दुसरीला पाच-पाच. तिसरीला आठ-आठ, पण डावीकडची तिसरी खाच नेहमी आडवी गेलेली. हा नेम एकदाही चुकत नाही, असे सांगताना ते क्षणभर चोरी विसरले. आणि क्रमांक नऊ ही सगळ्यांत मोलाची, कारण तिच्यावरच्या जीवाला खालच्या टोकाशी दोन फाटे होते. त्या फाट्यांनी तो समुद्रतळाला धरून राहत असावा, असे नरहरींचे मत होते. बाकीच्या ठशांची ती टोके राहिलीच नव्हती.

“पडवीत या फरश्यांवर काय करत असत, ते विचारलं होतंस?” वामनरावांनी विचारले.

“पहिल्याच दिवशी. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना विचारलं, होड्या चालवणाऱ्या दोन जुन्या तांडेलांना विचारलं. लेखी घेतलं आहे. बोंबील वाळवतात ते बांबूच्या वलांडीवर, दोरीला टांगून. पडवीत जाळी नि वल्ही ठेवत. फरशी पायाखालची, एवढंच.”

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “वामन, भिकानं हे केलं नाही. त्याला मी बाराखडी शिकवली आहे. पण माझ्या या म्हणण्याला पुरावा नाही, आणि आयुष्यभर मी मुलांना पुराव्याशिवाय बोलू नका म्हणून सांगत आलो.”

हंसा वर्तक शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होत्या. पस्तिशीच्या, नीटनेटक्या, बोलण्यात काटकसरी. त्यांनी आपण होऊनच सांगितले की त्यांचा या ठशांवर विश्वास नव्हता, आणि तसे त्यांनी सरांना तोंडावर सांगितलेही होते. असे मऊ जीव बहुतेक वाळूच्या दगडात उमटलेले मिळतात, शहाबादीसारख्या चुनखडकात क्वचित. शिवाय त्यांनी तशाच दोन कोऱ्या फरश्या छिन्नीने थराथरांत उकलून पाहिल्या होत्या. आतल्या एकाही थरावर काही नव्हते. जे काही होते ते फक्त वरच्या पृष्ठावर.

“मग फरशी गेल्यानं तुमचं बरंच झालं म्हणायचं,” वामनराव म्हणाले.

“माझं नुकसान झालं, काका. समिती सरांना खोडून काढेल या भरवशावर मी होते. आता म्हणतील, मुख्य पुरावाच चोरीला गेला, बिचारे सावे. संशयाचा फायदा सरांना.” त्यांनी एका पेपरावर तीन गुण दिले आणि तो उलटा ठेवला. “मला चोरायचीच असती, तर बाकीच्या तेरा चोरल्या असत्या.”

३

शनिवारी वामनराव आपली पट्टी, कंपास आणि वही घेऊन आले. बाकीचे लोक चोर शोधत असताना त्यांनी चोरीला न गेलेल्या तेरा फरश्या मोजायला घेतल्या. एवढेच काम त्यांना येत होते, आणि माणसांशी बोलण्यापेक्षा त्यात कमी थकवा होता.

प्रत्येक ठशाची लांबी, रुंदी, खाचांची संख्या आणि फरशीच्या चारही काठांपासूनचे अंतर. क्रमांक नऊची मापे त्यांनी नरहरींच्या वहीतल्या प्रमाणबद्ध चित्रावरून घेतली. दुपारी तीनपर्यंत एकतीस ओळी पूर्ण झाल्या. वामनरावांनी चष्मा पुसला आणि शेवटचे चार रकाने पुन्हा वरून खाली वाचले.

काठापासूनचे सर्वांत कमी अंतर पाऊण इंच होते.

एकतीस ठशांपैकी एकही ठसा काठाला कापला गेला नव्हता. एकाही जीवाचे अर्धे अंग या फरशीवर आणि अर्धे शेजारच्या फरशीवर, असे झाले नव्हते. कारखान्यात पत्र्यावर आधी फुले छापली आणि मग चौकोन कापले, तर निम्म्या चौकोनांवर अर्धी फुले येतात. सगळी फुले अख्खी आली, तर तपासनीस एकच निष्कर्ष काढतो: आधी चौकोन कापले, फुले नंतर छापली.

साठ कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जीवाला खाणीतल्या पाथरवटाची छिन्नी कुठून जाणार, हे ठाऊक असणे शक्य नव्हते.

वामनरावांनी वही मिटली. बाहेर मुले व्हॉलीबॉल खेळत होती. चोरीचा उलगडा अजून कोसभर लांब होता, पण त्यांच्या हातात तिच्याहून वाईट गोष्ट आली होती. हे ठसे दगडाच्या आयुष्यातले नव्हते. ते माणसाच्या हातचे होते, फरशी घडल्यानंतरचे. आणि हे मित्राला सांगावे लागणार होते.

मग त्यांच्या मनात दुसरा विचार आला. हे आणखी कुणाला तरी कळले होते का?

४

उठताना त्यांनी आधारासाठी रसायनांच्या कपाटावर हात टेकला. लोखंडी कपाट, चार खणांत साठेक बाटल्या. हात टेकल्यावर ते चमकले ते कपाट हलले म्हणून नव्हे. कपाट हलले नाही म्हणून.

काल याच कपाटाविषयी नरहरी कुरकुरले होते. जमीन खचल्याने ते वर्षभर डगमगत होते आणि पायाखाली घातलेली कागदाची घडी दर महिन्याला बदलावी लागे. वामनरावांनी खाली पाहिले. कागदाची घडी नव्हती. त्यांनी पट्टी लावली. कपाटाचा माथा आणि भिंतीवरची रंगाची जुनी रेघ यांत सव्वा इंचाहून किंचित जास्त फरक पडला होता. कपाट उंच झाले होते.

त्यांनी बाटल्या पाहिल्या. खणांत धूळ होती, बाटल्यांच्या खांद्यांवर धूळ होती, पण ती बोटांनी पुसटलेली. कुणीतरी साठही बाटल्या उतरवून, कपाट सरकवून, पुन्हा त्या जशाच्या तशा लावल्या होत्या. क्रम एकाही ठिकाणी चुकला नव्हता. हंसाबाई किंवा नरहरी यांना तो क्रम लावायला यादी लागली असती, आणि यादी गेल्या सोमवारपासून प्राचार्यांच्या टेबलावर पडली होती. यादीशिवाय हा क्रम फक्त एका माणसाला येत होता. अकरा वर्षे रोज त्या बाटल्या पुसणाऱ्याला.

वामनराव गुडघ्यांचा विचार न करता जमिनीवर पालथे झाले आणि त्यांनी कपाटाच्या पुढच्या पट्टीखालून पाहिले. तळाखाली काळपट दगड होता, ठसा खाली, पाठ वर. त्याच्याखाली चौपदरी घडी करून गोणपाट अंथरले होते.

गोणपाट पाहून ते जमिनीवर तसेच पडून राहिले. फरशी विकायची असती तर ती बाहेर गेली असती. नाहीशी करायची असती तर फोडून तलावात टाकता आली असती. पण इथे चोराने फरशी खोलीबाहेर नेलीच नव्हती. तिच्या कोवळ्या खाचा झिजू नयेत म्हणून त्याने तिच्या तोंडाखाली अंथरूण घातले होते.

कपडे झटकून ते बाहेर आले. भिका व्हरांड्यात बाकावर बसला होता. काल त्याची किल्ली काढून घेतली होती, तरी तो वेळेवर येऊन बसला होता.

“भिका,” वामनराव म्हणाले, “कपाट आता छान बसलं आहे.”

भिकाने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पकडले गेल्याचा नव्हे, ओझे खांद्यावरून उतरल्याचा तो चेहरा होता. लगेच त्याने दोन्ही हात जोडले.

“साहेब, सरांना सांगू नका.”

५

सातपाटीला ते संध्याकाळच्या एस.टी.ने गेले. गाडीत भिकाने जे सांगितले ते असे.

बुधवारी त्याची आई नवसी त्याचा डबा घेऊन महाविद्यालयात आली होती. नरहरी वर्गावर होते. संग्रहखोली उघडी होती. नवसी दाराशी आली, मांडणीवर ठेवलेली क्रमांक नऊ तिने पाहिली आणि ती हसत सुटली. इतकी, की तिला भिंत धरावी लागली. ती काय बोलली ते ऐकून भिकाने दार ओढून घेतले. त्याने तिला घरी पाठवले. आणि गुरुवारी कुलूप लावण्यापूर्वी, सर गेल्यावर, त्याने ते काम केले. बाकीच्या तेरा फरश्यांवर शेपूट नव्हते. त्या निभावून जातील, असा त्याचा हिशेब होता.

“तुझ्यावर आळ येणार, हे कळलं नव्हतं का?”

“कळलंवतं.”

“मग?”

भिकाने खिडकीबाहेर बोट दाखवले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वलांड्यांवर बोंबील टांगलेले होते.

“मी चोर ठरलो तं मासं विकीन, साहेब. सर खोटे ठरले तं काय विकतील?”

नवसी अंगणात करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. सत्तरीची, काटक, कानांत जड सोने. शेजारची ठकी तिच्याबरोबर बसली होती. वामनरावांनी नरहरींच्या वहीतले चित्र पुढे धरले. दोघींनी माना जवळ आणल्या, आणि ठकीने तोंडाला पदर लावला.

“रावस,” नवसी म्हणाली. “पाठीतून फाडून उलगडलेला. हे शेपूट. हे माझ्या सासूचं काप.”

मग ती सांगत गेली आणि वामनराव लिहीत गेले. बर्फ येण्याच्या आधीची गोष्ट. मोठा रावस आला की बायका तो पाठीतून चिरून पसरत, मांसात दोन्ही बाजूंनी काप घेत, कापांत मीठ आणि चिंचेचा कोळ भरत. मग मांसाची बाजू फरशीवर टेकवून वर धोंडा ठेवत. तीन दिवस. चिंच का, तर माशी बसू नये, अळी पडू नये. प्रत्येक घराची जागा ठरलेली, वर्षानुवर्षे तीच फरशी, तीच बाजू. कुणाचा मासा काठाबाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर शेजारणीशी भांडण.

“आणि हे काप? इकडं सात, तिकडं सहा?”

“ती आमच्या घराची खूण. पावसाची सर आत आली की जी बाई पडवीत असेल ती सगळ्यांचं उचलणार. मग कुणाचं कोणतं, ते कसं कळायचं? कापावरून. आमचं सात नि सहा. या ठकीचं पाच-पाच.”

“आणि आठ, त्यात तिसरी आडवी?”

“ती जिवल्याची आजी,” ठकी म्हणाली. “तिला धड सरळ कापताच येत नव्हतं. पुढं तीच खूण झाली.”

वामनराव तंत्रविद्यालयात शिकलेले होते. आंबट रस चुनखडकाला खातो, हे त्यांना शिकवावे लागत नव्हते. एका वेळी नखभरही नाही, पण दर वर्षी त्याच जागी, चाळीसपन्नास वर्षे. कापांतला कोळ दगडाला लागे तिथे खाच पडे. नरहरींच्या तीन प्रजाती म्हणजे सातपाटीची तीन घरे होती.

“सरांनी अध्यक्षांना विचारलं होतं. तांडेलांना विचारलं होतं.”

“पुरुषांना?” नवसीने करंदीतले कवच बाजूला टाकले. “बाबा, पुरुष मासं आणतात. पुढं त्याचं काय होतं, ते त्यांना ताटात दिसतं तेवढंच. आमाला कुणी विचारलंच नाय.”

६

रविवारी सकाळी वामनराव माकुणसारला नरहरींच्या घरी गेले. नरहरी वाडीत पानवेलींना पाणी देत होते. वामनरावांनी आडवळण घेतले नाही. इतक्या वर्षांच्या तपासणीत ते एवढे शिकले होते की नापास नगाविषयी गोड बोलल्याने नग पास होत नाही. त्यांनी आधी काठाचे चार रकाने दाखवले, मग कपाटाखालची फरशी सांगितली, मग नवसीचे म्हणणे वाचून दाखवले. भिकाने हे का केले, ते शेवटी सांगितले.

नरहरींनी पाण्याचा नळ बंद केला. रकाने त्यांनी स्वतः पुन्हा वाचले. एकतीसही ओळी, बोट फिरवत.

“काठ,” ते म्हणाले. “चार वर्षं मी ठशांकडेच पाहत होतो. काठाकडे पाहिलं नाही.”

 मग त्यांनी विचारले की चिंच नवी वापरत की जुनी, आणि धोंडा किती वजनाचा. वामनरावांनी ते विचारले नव्हते. नरहरी घरात गेले, सदरा चढवून आले, आणि दोघे सातपाटीला गेले. तिथे नरहरी नवसीसमोर दोन तास मांडी घालून बसले. त्यांनी तिला पंचेचाळीस प्रश्न विचारले आणि सगळी उत्तरे लिहून घेतली. भिका दाराआड उभा होता. निघताना नरहरी त्याच्याजवळ थांबले.

“गोणपाट घातलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पण यापुढं मला वाचवायचं असेल तर मला सांगून वाचव.”

भिका रडू लागला. नरहरी रडले नाहीत. त्यांचा चेहरा पार उतरला होता, एवढेच.

एस.टी.च्या थांब्यावर त्यांनी खिशातून दोन कागद काढले. पहिला समितीसाठी: एकतीस ठसे जीवाश्म नाहीत, आपला दावा आपण मागे घेत आहोत, चूक आपली आणि पूर्ण आपली. दुसरा राजीनाम्याचा. तो सकाळीच प्राचार्यांच्या हातात ठेवणार, असे ते म्हणाले. या वयात हसे झाल्यावर त्या इमारतीत पाऊल ठेवायची ताकद आपल्यात नाही.

वामनरावांनी दुसरा कागद वाचला आणि घडी करून आपल्या खिशात घातला.

“व्यवस्थापन समितीवर तुम्ही किती जण?”

“नऊ. मी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून.”

“उद्या सकाळी राजीनामा दिलास, तर दुपारी चारला आठ उरतील. फरशी सापडली तरी ती भिकानं लपवली होती, हे खरंच आहे, आणि ते आपण लपवायचं नाही. संशोधन केंद्र हातचं गेलेलं असेल. प्राचार्य चिडलेले असतील. तो राग कुणावर तरी निघेल.”

“मला त्या खोलीत बसवणार नाही, वामन. सकाळी समितीसमोर, दुपारी यांच्यासमोर.”

“बस. एक दिवस बस. तो अकरा वर्षं बाकावर बसला आहे.” वामनरावांना स्वतःच्याच आवाजाचा शीण आला. “मंगळवारी महाशिवरात्रीची सुट्टी आहे. राजीनामा बुधवारी दे. तोवर तो माझ्याकडे राहील.”

७

सोमवारी अकराला समिती आली. नरहरींनी उभे राहून आपला कागद वाचला, मग काठाचे रकाने फळ्यावर मांडले, मग नवसीच्या सांगण्यावरून केलेला नवा तक्ता दाखवला. समितीचे वयस्क अध्यक्ष मध्ये एकदा हसले आणि लगेच ओशाळले. हंसा वर्तक यांनी टिपणे घेतली. शेवटी अध्यक्ष म्हणाले की असा दावा मागे घेणारा माणूस त्यांनी आपल्या नोकरीत दुसऱ्यांदाच पाहिला, पहिला परदेशातला होता. मात्र केंद्राची शिफारस ते करू शकत नव्हते. दीड वाजता त्यांची गाडी निघून गेली.

जिना उतरताना हंसाबाई वामनरावांना म्हणाल्या, “मी थर उकलून पाहिले, पण काठ मोजले नाहीत. आणि सातपाटीला बाईमाणसाला विचारायचं मलाही सुचलं नाही. मला तर सुचायला हवं होतं.”

चारला व्यवस्थापन समिती बसली. वामनराव बाहेरच्या बाकावर भिकाशेजारी बसले. आतले बोलणे दारातून अर्धेमुर्धे येत होते. प्राचार्यांचा आवाज चढला होता: संस्थेची वस्तू लपवली, चार दिवस खोटे बोलला. कुणीतरी म्हणाले, खोटे बोलला नाही, बोललाच नाही. कुणीतरी म्हणाले की केंद्र गेले त्याला जबाबदार कोण, आणि यावर बराच गलका झाला. मग नरहरींचा आवाज आला, सावकाश, वर्गात शिकवताना असावा तसा. त्यातले शब्द बाहेर ऐकू आले नाहीत.

भिकाने विचारले, घरी जाऊ का. वामनराव म्हणाले, बस.

पाच वाजून दहा मिनिटांनी दार उघडले. कार्यवाहांनी इतिवृत्ताचे पान बाहेर आणून वामनरावांच्या हाती दिले, कारण अहवाल त्यांचा होता आणि त्यावर त्यांची सही लागत होती. वामनरावांनी चष्मा लावला. शेवटची ओळ त्यांनी भिकाला ऐकू जाईल अशी वाचली.

भिका मेहेर यास शिपाईपदी कायम करण्याचा ठराव: बाजूने पाच, विरुद्ध चार.